हरणाला पाणी पाजू नका: वचनावरून चित्र काढताना होणाऱ्या चुका

नोव्हेंबर लागला की संध्याकाळी माझ्या घरी पोरं यायला लागतात. कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणीचं, बेळगावच्या कॅम्पातली दोघं-तिघं तर ठरलेलीच. हातात वहीचं पान, त्यावर चर्चमधून लिहून दिलेलं बायबलातलं एखादं वचन नाहीतर ओवी, आणि प्रश्न एकच, "सर, ह्याच्यावर काय काढू?" जानेवारीत तीच पोरं परत येतात. तेव्हाचा प्रश्न वेगळा असतो. "सर, वचनात होतं ते सगळं काढलं, तरी चित्र बसलं नाही बघा. काय चुकलं?" हे लिहिणं त्या जानेवारीतल्या प्रश्नासाठी आहे.

यादी रंगवणं

गेल्या वर्षी एकानं बायबलातलं बेचाळिसावं स्तोत्र घेतलं होतं. हरिणी पाण्याच्या ओहोळांसाठी व्याकूळ होते तसा माझा जीव देवासाठी व्याकूळ झालाय, अशी त्याची सुरुवात. पोरानं काय काढलं? निळंशार तळं, काठावर हिरवं गवत, आणि हरीण खाली वाकून पोटभर पाणी पितंय. रेखाटन नीटनेटकं, हरणाच्या अंगावरचे ठिपकेसुद्धा मोजून काढल्यासारखे. मी विचारलं, "अरे, ह्या हरणाला तहान कुठं लागलीय?" तो गप्प.

वचनात हरीण आहे, पाणी आहे, म्हणून त्यानं दोन्ही काढलं. पण त्या ओळीत पाणी जवळ नाही, हीच तर ओळ आहे. पुढं दोनच ओळींवर कवी म्हणतो की रात्रंदिवस माझे अश्रूच माझं अन्न झालेत. इतका वेळ त्या स्तोत्रात ओलावा आहे तो एवढाच. आणि सातव्या चरणात पाणी येतं ते कसं? धबधब्यांच्या गर्जनेसारखं, लाटाच लाटा डोक्यावरून गेल्या असं. तहानेनं मरणाऱ्याला बुडवणारं पाणी!

हे समजायला आपल्याला यरुशलेमला जायला नको. मे महिन्यात अथणीकडं कृष्णेच्या पात्रात उतरून बघा. वाळू, खडक, कुठंतरी एखादं डबकं. आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये याच नदीनं अथणी, रायबाग, चिक्कोडीकडची गावं पाण्याखाली घातली. तीच नदी, दोन्ही गोष्टी. बेचाळिसावं स्तोत्र आमच्या जिल्ह्यात बसून लिहिलंय की काय असं वाटावं.

म्हणून मी पोरांना आधी एक काम सांगतो. वचन कागदावर उतरवा आणि त्यातल्या क्रियापदांखाली रेघ मारा. नामांना हात लावू नका. मग फक्त क्रियापदांवरून पेन्सिलनं तीन छोटी रेखाटनं करा, आगपेटीएवढी. चित्र तिथंच सापडतं, नाहीतर सापडतच नाही.

तेविसावं स्तोत्र घ्या, सगळ्यांच्या आवडीचं. परमेश्वर माझा मेंढपाळ. कॅलेंडरवरचं चित्र डोळ्यासमोर असतंच: गोरा मेंढपाळ, कापसासारखी पांढरी मेंढरं, इंग्लंडातलं वाटावं असं कुरण. आता क्रियापद बघा. तो मला कुरणात बसवतो. बसवतो! आमच्याकडं खतासाठी शेतात मेंढरं बसवतात, तोच शब्द. धनगराला विचारा, मेंढरू कधी बसतं? पोट भरलेलं असलं आणि कुत्र्या-लांडग्याचं भय नसलं तर. भुकेलं मेंढरू चरत राहतं, घाबरलेलं उभं राहतं. म्हणजे त्या ओळीचा अख्खा अर्थ मेंढराच्या दुमडलेल्या पायांत आहे. उभी मेंढरं काढलीत की वचन गेलं.

मेंढरं आपली दख्खनी काढायला हरकत नाही, काळी, राठ लोकरीची. खांद्यावर घोंगडं असलेला मेंढपाळही चालेल. कन्नड बायबलात तर या ओळीत शब्दच "कुरुबनु" आहे. आपल्या शिवारातून मेंढरं घेऊन जाणाऱ्या कुरुबाचंच नाव. कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याला ते चित्र बघून जे लगेच वाटेल ते आपल्याला "मेंढपाळ" या पुस्तकी शब्दानं वाटत नाही, हे मी मान्य करतो. आणि पुढं त्याच स्तोत्रात मेंढपाळाच्या काठीचा उल्लेख येतो, तिथं काठ्या दोन काढा. मूळ हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत, एक जनावर हाकलायचा सोटा आणि एक टेकायची काठी. बहुतेक चित्रांत एकच काठी असते, तीही वर गोल वळलेली, विलायती.

एकाची दोन गाढवं

हिब्रू कवितेत यमक शब्दांचं नसतं, अर्थाचं असतं. एक ओळ म्हणायची आणि दुसऱ्या ओळीत तीच गोष्ट जरा फिरवून म्हणायची. हे माहीत नसलं की चित्रात गर्दी होते. जखऱ्या या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर बसून येतो. जनावर एकच आहे, ओळी दोन आहेत. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला, त्या झावळ्यांच्या रविवारच्या फलकावर एकीनं दोन गाढवं काढली आणि येशूचा एकेक पाय एकेकावर ठेवला, सर्कशीतल्यासारखा. सगळे हसले, पण ती अगदीच चुकली नव्हती. मत्तयाच्या शुभवर्तमानात गाढवी आणि शिंगरू अशी दोन्ही आणल्याचं लिहिलंय. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत एकच आहे. तेव्हा कुणाचं वचन खाली लिहिणार ते आधी ठरवा, मग जनावरं मोजा. दोन काढायचीच असतील तर आई शेजारून चालू द्या.

ख्रिस्तपुराणातली ओवी "सुधारणं"

हा माझा दुखरा विषय, त्यामुळं जरा लांबेल.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि त्यानं ओवीत ख्रिस्ताची कथा सांगितली, तेच ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला ती छापली गेली, रोमन अक्षरांत. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्यातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आपल्या सीमाभागात प्रत्येक मराठी भाषा दिनाला म्हटल्या जातात, आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना त्या ख्रिस्ती पुराणातल्या आहेत हे ठाऊक नसतं. असू दे.

ओवी अशी: जैसी हरळांमाजी रत्नकिळा । की रत्नांमाजी हिरा निळा । तैसी भासांमाजी चोखळा । भासा मराठी ॥

पहिली चूक अर्थाची. माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं यावर गवत काढलं, दवबिंदू चमकणारं. मला कळेना. मग लक्षात आलं, आमच्याकडं बांधावरच्या गवताला हराळी म्हणतात. तिनं "हरळ"चं हराळी केलं होतं. हरळ म्हणजे खडा, बारीक दगड. खड्यांत रत्न झळकावं तशी ही भाषा. गवतावरचं दव दिसायला सुंदर होतं हे खरं, पण ओवी म्हणते ती चमक टणक आहे, उन्हानं उडून जाणारी नाही. जुन्या ओवीतला शब्द ओळखीचा वाटला की जास्त सावध राहा. न कळणारा शब्द माणूस विचारतो तरी, ओळखीचा वाटणारा विचारतच नाही.

दुसरी चूक छपाईची. छपाईवाल्याकडं फाइल गेली की "भासा"चं "भाषा" होतं आणि पुढच्या ओवीतल्या "पुस्प"चं "पुष्प". कधी तो सुधारतो, कधी आपल्यातलेच एखादे निवृत्त गुरुजी. माझ्या एका फलकावर तर वरच्या ओळीत भासा आणि खालच्या ओळीत भाषा असं छापून आलं. हे जुन्या मराठीचं रूप आहे, शुद्धलेखनाची चूक नव्हे. फाइलसोबत चिठ्ठी द्या: "अक्षरही बदलू नये."

तिसरी चूक म्हणजे ही ओवी वेदीमागं लावणं. ही भाषेची स्तुती आहे, प्रार्थना नव्हे. शाळेत, वाचनालयात, भाषा दिनाच्या मंचावर जरूर लावा. उपासनेसाठी त्याच ग्रंथात जन्माच्या, दुःखसहनाच्या ओव्या आहेत, नाहीतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांची अभंगासारखी पदं आहेत. टिळक १९१९ला गेले, त्यामुळं त्यांच्या ओळी वापरायला हक्काची अडचण नाही. बायबलच्या अलीकडच्या भाषांतरांचं तसं नाही. फलकावर एक ओळ लिहिणं वेगळं आणि कॅलेंडर छापून विकणं वेगळं. विकायचं असेल तर प्रकाशकाला आधी विचारा.

साडी नेसवली म्हणजे झालं

येशूच्या आईला, मरीयेला इरकल नेसवायची, कपाळ मोकळं ठेवायचं की कुंकू लावायचं यावर तासभर वाद घालायचा, आणि चेहरा, हात, मागचं घर सगळं इटलीचंच ठेवायचं. हे फार बघितलंय. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकले, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि साडीतली मरीया रंगवत आले. त्यांची चित्रं मिळतील तेवढी बघा, आणि साडीकडं बघू नका. ती बाई बसते कशी, पोर कडेवर कशी धरते, ते बघा. कपडा सगळ्यात शेवटी येतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं मरीयेचं गीत चित्रात घेताना तिला नेहमी हात जोडून, मान खाली घालून उभी करतात. ती गातेय काय ते वाचा: अधिपतींना गादीवरून खाली ओढलं, भुकेल्यांना तृप्त केलं, श्रीमंतांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. मान खाली घालून कोण म्हणतं हे? आणि ती एकटी नाही, अलीशिबेच्या घरी आलीय. एक वयस्क गरोदर बाई, एक कोवळी. मला विचाराल तर दोघींना जात्यावर बसवा, समोरासमोर, एका खुंट्यावर दोघींचे हात. ओवी म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यासमोर येणार?

चित्र कुठल्या चर्चमध्ये लागणार हेही आधीच विचारा. कॅथलिकांकडं क्रुसावर येशूची मूर्ती असते, मेथडिस्टांकडं क्रूस रिकामा. फादरांना चाललेलं पाळकसाहेबांना चालेलच असं नाही. एकदा पूर्ण झालेलं चित्र मला परत न्यावं लागलंय, तेव्हापासून रेखाटन दाखवल्याशिवाय रंगाची डबी उघडत नाही.

रंगांची इथली भांडणं

ही चूक बेळगावातच होऊ शकते. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, ज्वाला काढताना एकानं वर पिवळा आणि खाली लाल असे दोन सरळ पट्टे मारले, ज्वाला नंतर करू म्हणून. संध्याकाळी येणारा प्रत्येक जण विचारू लागला, चर्चमध्ये कन्नड बावटा कशाला? पुढच्या वर्षी त्यानं शहाणपणा करून सगळं भगवं केलं, तर दुसऱ्या बाजूचे विचारायला लागले. लाल आत, पिवळा कडेला, असं एकातून एक निघू द्या; खऱ्या ज्वाळेत आडवे पट्टे नसतातच.

अक्षरं तुटणं

"दऱ्या" मधला ऱ्य कॉम्प्युटरवर तुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, प्रोग्रॅम बंद करून उघडा, बहुतेक वेळा सुटतं. छपाईला देताना मजकुराची आउटलाइन करून द्या, कारण त्यांच्याकडं तुमचा फॉन्ट नसतो आणि मराठी टायपिंग करणारा माणूस नेमका त्या दिवशी गावी गेलेला असतो. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना तेही बघा. अक्षराची उंची दहा फुटांमागं निदान एक इंच. मराठीला मात्रा-उकारांमुळं थोडी जास्तच लागते. आणि अख्खं वचन लिहू नका. पाच-सहा शब्द पुरतात, बाकीचं पाळक वाचणारच आहेत.

पावसातली कामं

जूननंतर खानापूरच्या बाजूला पोस्टर कलरचं चित्र भिंतीला टेकवून ठेवलंत तर गणपतीपर्यंत त्यावर बुरशी येते. या रंगात डिंक असतो, तो बुरशीचं खाणं. डबीत लवंगतेलाचे एक-दोन थेंब टाकले तर फरक पडतो. कागद ३०० जीएसएमचा घ्या, आणि फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची जाडी राहू दे. ऑइल पेंटवर ॲक्रिलिक मारून दुरुस्ती करू नका, पापुद्रे सुटतात. उलटं चालतं.

त्या हरणाचं चित्र सुदैवानं ॲक्रिलिकमध्ये होतं. आम्ही तळ्यावर हलका पॉलिश पेपर फिरवला, पांढऱ्या प्रायमरचा एक हात दिला, वर गेरू आणि राखाडी मिसळून कोरडं पात्र केलं. हरणाची मान तशीच खाली राहिली. आता ते वाळू हुंगत होतं. एका कोपऱ्यात जुना निळा थोडा वर डोकावत राहिला, पोरगा दुसरा हात द्यायला ब्रश घेऊन उठला, तेवढ्यात मी त्याला म्हटलं, "राहू दे की. तेवढं त्याला दिसतंय असं समज."