सहा दिवसांच्या इटलीत खायचं कधी आणि बघायचं कधी

इटलीला पाच-सहा दिवसांसाठी निघालात ना, तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, तिथे काय बघायचं नि काय खायचं यापेक्षा ते किती वाजता करायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. आपण विमान, हॉटेल, व्हिसा सगळं महिनोन्महिने आधी बघतो पण तिथल्या घड्याळाचा विचारच करत नाही. मी आईला घेऊन गेले होते, पहिल्याच दिवशी रोममध्ये सकाळी नऊपासून चाललो, बघता बघता साडेतीन वाजले, आईला डायबेटिस असल्यामुळे वेळेवर खाणं गरजेचं, आणि ज्या गल्लीत दोन तासांपूर्वी मस्त वास सुटला होता तिथली सगळी दारं बंद. शेवटी एका मोठ्या चौकात मेनूवर फोटो छापलेल्या जागी बसलो, पास्ता गार, वर चिकट, आणि बिल दुप्पट. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, आधी घड्याळ, मग बाकी सगळं.

तर घड्याळ असं. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातच्या पुढे, मधल्या वेळात चांगल्या जागांचं किचन बंदच असतं, आणि जी जागा दिवसभर उघडी असते ती बहुतेक टुरिस्टांसाठीच असते. बरीच चर्चेसही दुपारी बंद होतात, साडेबारा-एकला दार लावलं की तीन-चारला उघडतात. मोठी म्युझियम मात्र सलग चालू असतात. म्हणजे सकाळी लवकर एक मोठी तिकिटाची जागा करा, एक वाजता पोटभर जेवा, दुपारी ऊन असेल तर हॉटेलवर पडा नाहीतर म्युझियममध्ये जा, चारनंतर चर्चेस आणि गल्ल्या, आणि आठला जेवायला बसा. असं केलं की पायही दुखत नाहीत आणि दिवस भरलेला वाटतो. एका दिवसात तिकिटाच्या दोनपेक्षा जास्त जागा करू नका, तिसऱ्या ठिकाणी डोळे उघडे असतात पण आत काही पोचत नाही.

आणि सहा दिवसांत शहरं दोनच घ्या हो. रोम आणि फ्लोरेन्स, फास्ट ट्रेनने जेमतेम दीड तास. तिसरं घ्यायचंच तर व्हेनिस, पण तिथे एक रात्र राहणार असाल तरच. प्रत्येक शहर बदललं की बॅगा भरा, चेकआउट, स्टेशन, पुन्हा हॉटेल शोधा, यात अर्धा दिवस जातो.

तिकिटांचं आता सांगते कारण यात लोक सगळ्यात जास्त फसतात. कोलोसियमचं तिकीट नावावर आणि ठरलेल्या वेळेचं असतं, अधिकृत साइटवर ३० दिवस आधी खुलं होतं, दारात ओळखपत्र बघतात त्यामुळे पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. रोममधल्या बोर्गेझे गॅलरीला बुकिंगशिवाय जाता येत नाही आणि आत दोनच तास मिळतात, ते पुरतातही. मिलानला जाऊन लिओनार्दोचं लास्ट सपर बघायचं असेल तर फक्त १५ मिनिटं आत सोडतात आणि तिकिटं फार लवकर संपतात. सोमवारी फ्लोरेन्सला उफित्सी आणि आकादेमिया ही दोन्ही म्युझियम बंद, बोर्गेझेही बंद, म्हणून तुमच्या सहा दिवसांत सोमवार कुठे पडतोय ते सगळ्यात आधी कॅलेंडरवर बघा, तो दिवस प्रवासाला ठेवला तर उत्तम. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, तेव्हा फुकट असतं पण गर्दी इतकी की मी तरी जाणार नाही. बुधवारी सकाळी पोपची सभा असते त्यामुळे सेंट पीटर्स चर्च साधारण दुपारपर्यंत बंद. आणि चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात पर्समध्ये एक पातळ ओढणी ठेवा, सगळे प्रश्न सुटतात.

पैसे न देता बघण्यासारखं तर इतकं आहे! रोममध्ये पँथिऑन नावाच्या प्राचीन रोमन देवळापासून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रान्चेझी नावाचं चर्च आहे, आत डाव्या बाजूला शेवटच्या छोट्या कोनाड्यात काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन मोठी चित्रं आहेत. आत गेलात तर अंधार, काही दिसत नाही, लोक येतात आणि निघून जातात. बाजूला एक पेटी असते, तिच्यात नाणं टाकलं की खट्कन दिवा लागतो आणि चित्रातला उजेड आणि खरा उजेड एकदम एकात मिसळतो, एका चित्रात टेबलाभोवती बसलेल्या माणसांचे चेहरे अंगावर येतात. काही मिनिटांनी दिवा जातो, मग दुसरं कुणीतरी नाणं टाकतं. आई तिथे बाकावर बसून राहिली, उठायलाच तयार नव्हती. म्हणून खिशात सुट्टी नाणी ठेवा. पँथिऑनला २०२३ पासून तिकीट आहे, सुरू झालं तेव्हा ५ युरो होतं, पण ते द्याच. घुमटाच्या मधोमध जवळजवळ ९ मीटरचं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो, आणि खाली फरशीत पाणी जायला बारीक बारीक भोकं केलेली आहेत, ती शोधा. पाऊस आला तर छत्री उघडून बाहेर पळू नका, उलट तिकडे पळा.

फ्लोरेन्सला मायकलअँजेलोचा खरा डेव्हिड आकादेमियात आहे, पाच मीटरहून उंच, चौकात जो उभा आहे ती नक्कल. वेळ कमी असेल तर सकाळी पहिला स्लॉट डेव्हिडचा घ्या आणि उफित्सी दुपारी उशिरा. ड्युओमो म्हणजे तिथलं मुख्य चर्च, त्याच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरत असतील तर सोडा आणि संध्याकाळी पियाझ्झाले मायकलअँजेलो या उंचावरच्या चौकात जाऊन तोच घुमट लांबून बघा, बसने जाता येतं.

आता खाणं. सकाळ बारमध्ये करा, तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान. उभं राहून काउंटरवर प्यायलात तर एस्प्रेसो साधारण सव्वा-दीड युरोला मिळते, तीच टेबलावर बसून मागवली तर दर वाढतो, मोठ्या चौकात तर कितीतरी पट. नुसतं काफे म्हटलं की एस्प्रेसो येते, लात्ते म्हटलं तर ग्लासभर दूध. गर्दीच्या ठिकाणी, खास करून स्टेशनवर, आधी कासावर म्हणजे कॅश काउंटरवर पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची, नुसतं उभं राहिलात तर कुणी लक्ष देत नाही. कापुचिनो सकाळचीच, जेवणानंतर मागितली तर देतील पण तिकडे तसं पीत नाहीत. बारमधलं टॉयलेटही वापरता येतं, म्हणून दिवसात दोन-तीनदा कॉफी घ्यावीच.

जेवायला बसलात की बिलात कोपेर्तो नावाची माणशी एक ते तीन युरोची रक्कम दिसेल, ती फसवणूक नाही, टेबलाची आणि ब्रेडची आहे, मेनूवर बारीक अक्षरात लिहिलेली असते. टिप द्यायची सक्ती नाही. पाणी बाटलीचंच येतं, साधं हवं तर नातुराले म्हणा नाहीतर सोड्यासारखं येईल. मासे आणि मोठ्या स्टेकचा दर बऱ्याचदा १०० ग्रॅमला लिहिलेला असतो, त्याला एत्तो म्हणतात, तो पूर्ण प्लेटचा समजून ऑर्डर देऊ नका, आधी वजन विचारा. आणि बिल मागितल्याशिवाय येणार नाही, तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही, इल कोंतो पेर फावोरे एवढं पाठ करा.

शाकाहारी लोकांनो, इटलीत तुमची उपासमार होणार नाही पण नावांवर जाऊ नका. आमात्रिचाना आणि कार्बोनारा या दोन्ही पास्त्यांत डुकराचं मांस असतं, पुत्तानेस्कात अँकोव्ही मासा, रोमची भोपळ्याची तळलेली फुलं बघून तोंडाला पाणी सुटतं पण आत चीजबरोबर बहुतेक वेळा अँकोव्हीच भरलेली असते. सुप्ली म्हणजे भाताचे तळलेले गोळे, त्यात मूळ पद्धतीनं मांसाचा रस्सा घालतात, विचारून घ्या. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी मांसाचं असू शकतं. उलट पेपेरोनी लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, इटालियनमध्ये ती ढोबळी मिरची! बिनधास्त घ्यायचं तर पोमोदोरो म्हणजे टोमॅटोचा पास्ता, आराबियाता जी थोडी तिखट असते, आल्यो ए ओल्यो म्हणजे लसूण आणि तेलाचा पास्ता, आणि काचो ए पेपे, नुसतं चीज आणि मिरी, पण रोममध्ये खाल्लं की कळतं दोन गोष्टींत काय काय होतं. मात्र कडक पाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, पेकोरिनो आणि पारमिजानो या चीजमध्ये दूध घट्ट करायला प्राण्याच्या पोटातलं रेनेट वापरतात आणि ताज्या पास्त्यात अंडं असतं, कोरड्या पास्त्यात सहसा नसतं. मग मारिनारा पिझ्झा घ्या, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नाही आणि नाव समुद्राचं असलं तरी मासाही नाही. सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे म्हणजे मांस नको मासा नको, हे म्हणायला लाजू नका, दोन्ही म्हणा.

दुपारी वेळ चुकलीच तर पिझ्झा अल तालियो आहे, मोठ्या ट्रेमधला चौकोनी पिझ्झा कात्रीने कापून वजनावर देतात, हातानं दाखवा एवढा, बास. जेलातो म्हणजे तिथलं आइस्क्रीम घेताना डोळे वापरा, डोंगरासारखे फुगवलेले भडक ढीग असतील तर पुढे चला, पिस्ता पोपटी नको, मळकट हिरवा हवा. झाकणाच्या स्टीलच्या डब्यांतून काढून देत असतील तर बहुतेक चांगलंच असतं. रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्त्यात जागोजागी नासोनी नावाचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात, पाणी पिण्याचं आणि गार. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावायचं.

ट्रेनचं थोडक्यात, फास्ट ट्रेनचं तिकीट जितकं लवकर तितकं स्वस्त, लोकल ट्रेनचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्या नाहीतर दंड. बसमेट्रोत बॅग पुढे घ्या, रोमच्या टर्मिनी स्टेशनच्या आसपास तर नक्कीच. १५ ऑगस्टच्या आठवड्यात जेवणाची बरीच घरगुती हॉटेलं बंद असतात, तारखा हातात असतील तर तो आठवडा टाळा.

व्हेनिसला राहणार असाल तर ठराविक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून जी प्रवेश फी घेतात ती तुम्हाला नाही, पण ऑनलाइन सूट नोंदवावी लागते, हॉटेलला विचारा. गोंडोला महाग वाटली तर त्रागेत्तोने कालवा ओलांडा, तीही गोंडोलासारखीच लाकडी होडी, २ युरोत दोन मिनिटं. संध्याकाळी बाकारोत म्हणजे तिथल्या छोट्या वाइन बारमध्ये उभं राहून चिकेत्ती खा, ब्रेडच्या तुकड्यावर काही ना काही ठेवलेलं असतं, एकेक करून मागवायचं. आणि दिवसाची गर्दी ओसरली की नऊ-दहाच्या सुमाराला रेल्वे स्टेशनपासून १ नंबरची वापोरेत्तो म्हणजे पाण्यातली बस पकडा, सान मार्कोपर्यंत साधारण पाऊण तास, शक्य असेल तर बाहेरच्या सीटवर बसा, जॅकेट घालून, दोन्ही बाजूंच्या महालांच्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात आणि आतली रंगवलेली छतं खालून दिसतात.