फ्लो इमेजिंगमध्ये कण चुकीचे दिसतात? प्रवाहाच्या वेगातल्या या चुका टाळा

फ्लो इमेजिंगमध्ये पंप द्रव नमुना फ्लो सेल नावाच्या अरुंद वाहिनीतून सोडतो, कॅमेरा त्यातल्या कणांचे फोटो काढतो आणि त्यांवरून आकार मोजला जातो. अहवालात कण अपेक्षेपेक्षा मोठे किंवा लांबट आले की बहुतेकांचा हात आधी फोकसकडे जातो, मग थ्रेशोल्डकडे (फोटोतला भाग किती गडद असला की कण म्हणून धरायचा, ती मर्यादा). पंपाच्या वेगाची आठवण सगळ्यात शेवटी होते. माझ्या मते तपासणी तिथूनच सुरू करावी.

काम लवकर उरकावं म्हणून वेग वाढवणं

एक्सपोजर (एका फोटोसाठी प्रकाश टिपला जातो तो काळ) चालू असताना कण जितका सरकतो, तितकी त्याची प्रतिमा प्रवाहाच्या दिशेनं ओढली जाते. हिशेब सोपा आहे: वेग गुणिले एक्सपोजरचा काळ. समजा फ्लो सेल २ मिमी रुंद, ०.१ मिमी खोल आहे आणि पंप मिनिटाला ०.२ मिली नमुना सोडतोय. सरासरी वेग झाला सेकंदाला सुमारे १७ मिमी. पण अशा उथळ सेलमध्ये मधोमध वेग सरासरीच्या साधारण दीडपट असतो, म्हणजे २५ मिमी. एक्सपोजर १०० मायक्रोसेकंदांचं असेल तर तेवढ्यात मधला कण अडीच मायक्रॉन सरकलेला असतो.

५० मायक्रॉनच्या कणाला याचा फारसा फरक पडत नाही. ५ मायक्रॉनचा गोल मणी मात्र साडेसात मायक्रॉन लांब दिसतो. तो अख्खा डाग मोजला गेला, तर क्षेत्रफळावरून काढलेला व्यास ६.४ मायक्रॉनच्या आसपास जातो. थ्रेशोल्ड कडक असेल तर उलटंच होतं. फिकट पडलेल्या कडा मोजल्याच जात नाहीत आणि सर्वांत बारीक कण यादीतून गायब होतात. म्हणूनच थ्रेशोल्ड हलवून ही चूक दुरुस्त करायला जाऊ नका. एका आकाराचे कण जुळवाल, तर दुसऱ्या आकाराचे बिघडतील. एक्सपोजर १० मायक्रोसेकंदांवर आणा, सरकणं पाव मायक्रॉनवर येईल. त्यासाठी प्रकाश वाढवावा लागतो. तो वाढत नसेल, तर वेगच कमी करायला हवा.

धूसरपणाची दिशा न बघणं

सरासरी आकडे बाजूला ठेवून एकेका कणाचे फोटो उघडा. फोकस चुकलेला असेल तर कड सगळ्या बाजूंनी पसरलेली दिसते. वेगामुळे ती फक्त प्रवाहाच्या दिशेनं पसरते आणि आडवी रुंदी तशीच राहते. ही चाचणी गोल पॉलिस्टायरीन मण्यांवर करा. तंतूंवर ती फसवी ठरते, कारण लांब कण प्रवाहात खरोखरच त्या दिशेला वळतात.

घाबरून वेग फारच कमी ठेवणं

हळू सोडलं म्हणजे अचूक, असं नाही. १०० मायक्रॉनचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे ८ मिमी वेगानं खाली बसतो, तर १० मायक्रॉनचा कण जेमतेम ०.१ मिमी. प्रवाह मंद असेल तर जाड कण नळीत किंवा सिरिंजमध्येच राहतात, आणि नमुना आहे त्यापेक्षा बारीक वाटतो.

दुसरा घोटाळा दुहेरी मोजणीचा. सेलच्या भिंतीलगतचा कण मधल्या कणापेक्षा खूप हळू जातो, त्यामुळे मधले कण पुढे गेले तरी तो पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा दिसतो. मोजलेले कण भागिले पंप केलेलं एकूण आकारमान, अशी संहती (दर मिलीमध्ये किती कण) काढत असाल तर ती फुगते. छायाचित्रित, म्हणजे फोटोंमध्ये टिपलेल्या द्रवाच्या आकारमानानं भागलं तर सरासरी बिघडत नाही. मात्र तोच कण दोनदा धरल्यामुळे आपल्याकडे आहेत त्याहून जास्त कण मोजल्याचा भास होतो. लागोपाठच्या फ्रेममध्ये तेच कण दिसले, तर फ्रेम रेट कमी करा.

पंपाचा स्वभाव विसरणं

पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत द्रव पुढे नेणारा) ठोक्याठोक्यानं ढकलतो. स्क्रीनवरचा वेग ही सरासरी असते, ठोक्याच्या क्षणी तो बराच वर जातो. काही फ्रेम स्वच्छ आणि काही धूसर येत असतील, तर पहिला संशय इथेच घ्या. सिरिंज पंपानं हा त्रास बराच कमी होतो. एकमेकांना चिकटलेल्या कणांचे नाजूक पुंजके असतील तर जास्त वेगात ते फुटतातही.

नेमकं कारण कसं शोधायचं?

बाकी काही न बदलता तोच नमुना तीन वेगांवर मोजा, प्रत्येक वेळी नीट ढवळून. वेगाबरोबर प्रवाहाच्या दिशेची लांबी वाढली तर दोष एक्सपोजरचा. मंद वेगात जाड कण घटले तर ते खाली बसताहेत. जास्त वेगात जाड घटून बारीक वाढले तर पुंजके फुटताहेत. तिन्ही वेगांचे कणांच्या आकारांचे आलेख एकमेकांवर बसले, तर त्यातला सर्वांत जास्त वेग बिनधास्त वापरा आणि तो निकालाबरोबर नोंदवून ठेवा.