वाडीवर काम सुरू करताना: आधी रांगोळी, मग अर्ज

आमच्या संस्थेत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून नवी पोरं रुजू झाली की पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘मॅडम, प्रोजेक्ट काय आहे?’ प्रोजेक्ट अजून नाही. तो वाडीनं ठरवायचाय. तिला तो ठरवता यावा म्हणून तुम्ही काय करायचं, एवढंच इथं लिहून ठेवते.

कोल्हापूर म्हटलं की ऊस, गुऱ्हाळ आणि दुधाच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. शिरोळ-हातकणंगल्यात ते खरंही आहे. पण शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगडकडच्या डोंगरातल्या वाड्या आणि धनगरवाडे बघा. भात, नाचणी, दोन-चार म्हशी आणि घरचं कर्तं माणूस मुंबईला. जुलैत पावसानं समोरचं घर दिसत नाही आणि एप्रिलमध्ये त्याच वाडीतल्या बायका हंडा घेऊन ओघळीत उतरतात. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा, जांभा पाणी धरून ठेवत नाही, झऱ्यावाटे सोडून देतो. मी सांगतेय ते काम या पट्ट्यातलं.

जायची वेळ आधी नीट निवडा. रोप लावणीच्या दिवसांत कुणाला बोलायला सवड नसते, म्हाईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, आठवड्यात तर नाहीच नाही, आणि आठवडी बाजाराचा वारही टाळा. संध्याकाळी डेरीला दूध घालून, भाकऱ्या थापून बायका मोकळ्या होतात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात. बैठक तेव्हाच. म्हणजे मुक्काम आला. करायचा. आणि पहिला चहा कुणाच्या सोप्यात घेताय यावर अख्ख्या वाडीचं लक्ष असतं. पुढाऱ्याच्या घरीच बूड टेकलंत तर खालच्या टोकाची माणसं बैठकीला येत नाहीत, आणि का आली नाहीत हे तुम्हाला कुणी सांगतही नाही. देऊळ बसायला ऐसपैस असतं, पण तिथं सगळेच सारख्या मोकळेपणानं बसतात का, हे बघून घ्या. मला शाळेचा व्हरांडा बरा वाटतो.

पहिल्या बैठकीत टॅब बाहेर काढू नका. रांगोळी काढा. एका आक्काच्या हातात डबा द्या आणि म्हणा, ‘आक्का, वाडी काढून दाखवा की.’ आधी देऊळ येतं, मग रस्ता, मग घरं. एक रेघ चुकली की चौघी धावतात, आणि तिथूनच खरी बैठक सुरू होते. पाण्याच्या जागा निळ्या रांगोळीनं, वीज नसलेली घरं कोळशाच्या तुकड्यानं. शेवटी एकच विचारा, ‘कुणाचं घर राहिलं?’ हमखास एखादं राहिलेलं असतं, वाडीपासून जरा लांब, बांधाच्या पलीकडं. त्या घराच्या नावाला वहीत खूण करा. नंतर नकाशाचा फोटो काढा आणि कागदावरची प्रत वाडीतच ठेवा. नकाशा संस्थेचा नाही.

दुसऱ्या बैठकीला प्रत्येक घराचं एकेक कार्ड न्या. ‘गरीब कोण?’ असं थेट विचारलंत तर सगळेच हात वर करतील, आणि त्यात काही चूक नाही. त्याऐवजी विचारा, घरचा भात किती महिने पुरतो? मिरगाच्या आधी उसनवारी कुणाला करावी लागते? मग कार्डांचे ढीग लोकांनाच लावू द्या. एका वाडीवर म्हातारीचं कार्ड वरच्या, म्हणजे बऱ्या स्थितीतल्या घरांच्या, ढिगात पडलं, कारण दोन मुलगे मुंबईला. शेजारीण उठली, कार्ड उचलून खालच्या ढिगात ठेवलं आणि म्हणाली, ‘दोन पोरं हाईत खरं, रुपाया पाठवत न्हाईत. पेज माझ्याकडंच पिती ती.’ कुणी हूं की चूं केलं नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत ही म्हातारी सापडेलच असं नाही, त्या ढिगात सापडते. म्हणून यादी संस्थेनं करायची नाही, आणि लोकांनी केलेली यादी संस्थेनं ऑफिसात बसून बदलायची तर मुळीच नाही.

बचत गटाबद्दल थोडक्यात, कारण उमेदच्या (सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या) सीआरपी ताई, म्हणजे गावातल्याच गट बांधणाऱ्या बायका, ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेले हिशेब, ही पंचसूत्री. नवा गट बांधायच्या आधी मात्र एक चौकशी कराच, आणि ती चारचौघांत नको, एकेकीकडं करा: आठवड्याला किती कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे हप्ते जातात? तीन-तीन हप्ते भरणाऱ्या बाईला चौथं कर्ज मिळवून देणं म्हणजे तिला आणखी खोलात ढकलणं. अशा ठिकाणी गटाचं पहिलं काम जुना महागडा हप्ता फेडणं हेच असतं. शेळ्यांसाठी कर्ज नंतर.

आता पाणी. डोंगरातल्या बहुतेक वाड्यांवर कामांच्या यादीत तेच वर येतं. इंजिनिअर बोलवायच्या आधी झरा लोकांनीच मोजावा, आणि एप्रिल-मेमध्ये मोजावा. पावसाळ्यात मोजलेल्या झऱ्यावर भरवसा ठेवू नका. दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ एवढंच लागतं. समजा बादली भरायला तीन मिनिटं लागली. मग तासाला २०० लिटर, दिवसाला ४,८०० लिटर. वाडीत १०० माणसं असतील तर जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबानं ५,५०० लिटर लागतात. तूट आहेच, शिवाय रात्रभरचं पाणी वाहून जातं. इथं लोकांनाच कळतं की लांबलचक पाइपाच्या आधी साठवण टाकी हवी. म्हशी या हिशेबात कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

झरा वनखात्याच्या जमिनीत असेल तर ‘परवानगी मिळत नाही’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) वाचून दाखवा. पिण्याचं पाणी आणि जलवाहिनी त्यात नावानिशी आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जायची नाहीत, आणि शिफारस ग्रामसभेची. सगळं येऊन थांबतं ते ग्रामसभेवर.

म्हणून सर्वांत जास्त ताकद तिथं लावा. विषय आधी महिला सभेत घ्या. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यायची असं ग्रामपंचायत कायदाच सांगतो. नकाशा आणि झऱ्याचा हिशेब घेऊन वाडीतल्या दोन बायका तिथं उभ्या राहू देत. तुम्ही मागं बसा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. वाडीवरून पंचायतीचं गाव लांब असतं, तेव्हा जायच्या-यायच्या जीपची वर्गणी आधीच काढून ठेवा, नाहीतर ऐन दिवशी सहाजणीच पोचतात. ठराव मंजूर झाला म्हणून टाळ्या वाजवून परत येऊ नका. प्रोसिडिंगच्या वहीत तो लिहिला गेला का, त्याला नंबर पडला का, हे बघूनच उठा, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा ग्रामसेवक) प्रतीसाठी तिथल्या तिथं अर्ज द्या. त्यानंतर काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसवायचं. केंद्रीय वित्त आयोगाकडून पंचायतीला येणाऱ्या निधीतला बांधील भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. पंधराव्या आयोगानं २०२१ नंतर तो ६० टक्के ठेवला होता. ‘पैसे नाहीत’ असं उत्तर आलं तर बांधील निधी कुठं खर्च झाला, एवढंच शांतपणे विचारा. भांडू नका. पंचायतीतल्या त्या माणसाबरोबर पुढची पाच वर्षं वाडीला राहायचंय, तुम्हाला नाही.

संस्थेनं पैसे कधी घालावेत? सरकारी निधी जिथं पोचत नाही तेवढ्याच फटीत, आणि वाडीची वर्गणी जमल्यावर. वर्गणी सगळ्यांना सारखी लावायची नाही. ते कार्डांचे ढीग इथं कामाला येतात: वरच्या ढिगानं रोख द्यावी, मधल्यानं थोडी रोख आणि श्रमदान, म्हातारीला काहीच नाही. खातं वाडीच्या पाणी समितीच्या नावावर, सह्या दोघींच्या, आणि हिशेब शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला. खडूच बरा, दर महिन्याला पुसून नवा लिहावा लागतो, आणि लिहिताना चारजण विचारतात.

टाकी झाली की दुरुस्तीची रक्कम लगेच ठरवून घ्या, घरटी महिन्याला किती ते. पाइप आवळायचा पाना, जादा वॉशर आणि व्हॉल्व्हची किल्ली कुणाकडं राहणार हेही बैठकीत ठरू दे, आणि ते घर टाकीजवळचं असावं. आमच्या ऑफिसात यातलं काहीही ठेवायचं नाही.