पॉशचं सेशन पहिल्यांदाच घेताय? सांगलीकडचा अनुभव

पॉश म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीचा कायदा. एचआरला नव्यानं लागलेल्या पोरापोरींचा फोन आला की पहिली मागणी ठरलेली: "मॅडम, पॉशची पीपीटी पाठवता का? ऑडिटच्या आधी सेशन उरकायचंय." पीपीटी मी पाठवते, पण आधी एक विचारते. तुमच्याकडं पॅकिंगला बसणाऱ्या बाईला उद्या काही त्रास झाला, तर कुणाकडं जायचं हे तिला माहीत आहे का? "बोर्ड लावलाय की," असं उत्तर येतं. बोर्ड ऑफिसच्या जिन्यात, इंग्रजीत. बाई येते मागच्या गेटनं.

सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे अशा छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, मी बाहेरची सदस्य आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की ही समिती नेमावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. सेशनला समितीच्या सदस्यांना समोर उभं करा. नाव, चेहरा, मोबाईल नंबर. नुसत्या नावाच्या यादीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

कायद्याचा इतिहास थोडक्यात आटपा. राजस्थानात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींच्या सामूहिक बलात्काराचं प्रकरण, त्यातून 1997 चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल (कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धची नियमावली), मग 2013 चा कायदा. एवढं पुरे. यावरच अर्धा तास बोलणारे ट्रेनर असतात. तोवर सेकंड शिफ्टच्या बायका घड्याळाकडं बघायला लागतात.

वेळ द्यायचा तो उदाहरणांना, आणि ती त्यांच्याच कामातली हवीत. एसी ऑफिसातला बॉस आणि सेक्रेटरी दाखवणारा व्हिडिओ बेदाणा निवडणाऱ्या बायकांपुढं लावला तर त्या हसतात, बास. त्यापेक्षा असं विचारा: मुकादम म्हणतो, "ओव्हरटाइम पाहिजे ना, मग जरा गोड बोलत जा की." हात लावलेला नाही, शिवी दिलेली नाही. हे छळात बसतं का? आधी सगळ्या गप्प. मग कुणीतरी म्हणते, "तो सगळ्यांनाच म्हणतो." तिथं थांबायचं आणि समजावायचं, की कामात फायदा देण्याचं आमिष किंवा तोटा करण्याची धमकी, उघड असो वा आडून, लैंगिक हेतूनं दिलेली असेल तर कायदा ती मोजतो. दुसरं उदाहरण कंपनीच्या गाडीचं. तासगाव, कवलापूरकडून बायकांना आणणाऱ्या टेम्पोत ड्रायव्हर शेरे मारतो. "गाडीतलं कंपनीत कसं धरणार?" असा प्रश्न येतोच. धरतात. मालकानं दिलेलं वाहनही कामाच्या ठिकाणात येतं. आणि ठेकेदाराकडून आलेल्या, रोजंदारीवरच्या, ट्रेनी मुली, सगळ्यांना हा कायदा लागू आहे. हे ठेकेदारासमोरच सांगा.

सुपरवायझर-मुकादमांचं सेशन वेगळं घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच टाळलं जातं. बाई पहिल्यांदा समितीकडं जात नाही, आपल्या लाइनच्या माणसाला सांगते. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, तो तसाच हाय," की विषय तिथंच मिटला. त्याला न्यायनिवाडा करायला शिकवायचं नाही. ऐकून घ्यायचं, समितीपर्यंत पोचवायचं आणि चहाच्या गाड्यावर बोलायचं नाही, एवढंच. गुप्तता पाळणं कायद्यानंच बंधनकारक आहे.

पुरुषांच्या बॅचला एक हात हमखास वर येतो: "खोटी तक्रार केली तर?" चिडू नका. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत ठरलं तर कारवाईची तरतूद आहे. पण नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. पहिलंच सांगून थांबलात तर बायका घरी जाऊन गप्प बसतील.

मुदती फळ्यावर मोठ्या अक्षरांत: तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत, योग्य कारण असेल तर आणखी 3 महिने वाढवून मिळतात, चौकशी 90 दिवसांत. चौकशी चालू असताना तिला बदली किंवा रजा मागता येते, हे आवर्जून सांगा. "मला त्याच्याच हाताखाली ठेवणार काय?" ही बायकांची खरी धास्ती. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. मालक समोर बसलेला असला तरी हे वाक्य गाळू नका. मालक भला असेल तर मान डोलावतो; नसेल तर पुढच्या वर्षी तुम्हाला बोलावत नाही.

हजेरीपटावर सह्या घ्या, त्या लागतात. पण हंगामाला नवी टोळी आली की सेशन पुन्हा घ्या, छोटं का होईना, शिफ्ट बदलताना पंधरा मिनिटांचं. मार्चमध्ये शेडवर आलेल्या बायकांना ऑगस्टमधल्या सह्यांचा काय उपयोग?