कन्सल्टिंग फर्मच्या चाळणीतून रेझ्युमे कसा पार पडतो

कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या मॅकिन्झी, बीसीजी (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप), बेन किंवा डेलॉइटसारख्या फर्मकडे गेलेला रेझ्युमे पहिल्या फेरीत कोणी ओळ न ओळ वाचत नाही. तपासणाऱ्यापुढे ढीग असतो. एका कागदाला मिनिटभर मिळाले तरी पुष्कळ. नजर बहुधा ठरल्या वाटेने फिरते: कॉलेज आणि गुण, मग काम, मग पुढारपण, शेवटी काही वेगळे आहे का. बऱ्याच ठिकाणी या प्रत्येक खात्याला गुण देतात. दोघे वेगवेगळे तपासतात आणि मते जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारतात.

दहावी, बारावी, पदवी, तिन्ही ठिकाणचे गुण लिहा. गोवा बोर्डाचे टक्के टक्क्यांत, विद्यापीठाचा सीजीपीए १० पैकी, जसा गुणपत्रिकेवर आहे तसाच. स्वतःच्या सूत्राने रूपांतर करू नका. एखादा आकडा गाळला की तो वाईटच असणार असे धरले जाते. गुण बेताचे पण वर्गात क्रमांक चांगला असेल, तर तो शेजारी द्या.

खरी हार-जीत कामाच्या ओळींत होते. आपल्या गोव्याकडची मुले इथे फार नम्र होतात. "घरच्या काजू कारखान्यात मदत केली" ही ओळ वाया जाते, कारण मदत म्हणजे काय ते कळत नाही. तीच अशी लिहा: "वाफवलेली बी थंड करण्याची वेळ ठरवून दिली; सबंध गरांचे प्रमाण दोन महिन्यांत ७० वरून ७८ टक्के." काय अडत होते, तुम्ही काय केले, आकडा किती हलला, हे तीनही दीड ओळीत बसले पाहिजे. आकडे अर्थात तुमचे खरे हवेत. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या टेकफेस्टचे प्रायोजक मिळवले असतील तर किती कंपन्यांना भेटलात, किती तयार झाल्या, किती रुपये आले ते सांगा. "आम्ही" नको, संघात पाच जण असतील तर तुमचा वाटा कोणता तेवढाच लिहा. कलंगुटच्या हॉटेलातली सुट्टीतली नोकरीसुद्धा चालते, फक्त तिथे काय बदलले ते दिसू द्या.

पुढारपणात पदांची माळ नको. सहा समित्यांचे सदस्यत्व एका गणेशोत्सवाच्या पूर्ण हिशेबापुढे फिके पडते.

कागद एकच, अक्षर १०-११ पॉइंट, एकच रकाना. दोन रकाने, तक्ते आणि चित्रे यांत गाळणी करणारे सॉफ्टवेअर गोंधळते. तारीख एका कामाची आणि नाव दुसऱ्याचे असे उतरते. फोटो, वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती हा बायोडेटाचा मसुदा लग्नासाठी ठेवा. सांखळीची मॅनेजमेंट संस्था असो वा झुआरीनगरचे बिट्स, कॅम्पसवरून अर्ज जात असेल आणि संस्थेने साचा दिला असेल तर तो मोडू नका.

गोव्यात एक अडचण हमखास येते: आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग. जन्मदाखल्यावर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे. रेझ्युमेवर गुणपत्रिकेवरचेच घ्या, नाहीतर नोकरी देऊ केल्यावरच्या पडताळणीत ते अडकते. प्रत्येक आकड्यामागचे पत्र किंवा हिशेबाची वही जपून ठेवा. मुलाखतीत "हे ८ टक्के कशामुळे वाढले?" असे विचारतात आणि उत्तर अडखळले की बाकीच्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

कॅम्पसबाहेरून अर्ज करणाऱ्याने आधी फर्ममधल्या माजी विद्यार्थ्याला गाठावे. शिफारशीने निवड होत नाही, पण कागद माणसाच्या नजरेखाली जाण्याची शक्यता वाढते. मुंबई की बंगळूर, कार्यालयाची पसंती विचारली तर मनापासून द्या. नकार आला तर बहुतेक मोठ्या फर्म वर्ष-दोन वर्षे पुन्हा अर्ज घेत नाहीत. तोच रेझ्युमे दुसऱ्या कार्यालयाला पाठवला तरी संगणकावर जुनीच नोंद उघडते.