नेपोलियनच्या काळातल्या सेनापतीची कारकीर्द कशी शोधावी

सुरुवात लेओनोर या फ्रेंच सरकारी ऑनलाइन संग्रहापासून करा. 'लीजन ऑफ ऑनर' मिळालेल्यांच्या फायली इथे फुकट पाहता येतात. पण हा सन्मान 1802 मध्ये सुरू झाला. नेपोलियनचा सेनापती देसे 1800 मध्ये मारेंगोच्या लढाईत पडला, म्हणून तो तिथे सापडणार नाही. अशांसाठी पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या किल्ल्यातलं लष्करी दफ्तर गाठावं लागतं.

आता तारखा. खरा घोळ इथेच होतो. 1805 अखेरपर्यंतचे कागद फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगाप्रमाणे आहेत: 30 दिवसांचे बारा महिने, वर्षाअखेरीस 5 किंवा 6 जादा दिवस, आणि नवं वर्ष सप्टेंबरमध्ये. वर्षाच्या आकड्यात 1791 मिळवून मोकळे झालात तर जानेवारी ते सप्टेंबरच्या तारखा एक वर्षाने मागे जातात. देसेचा मृत्यू 25 प्रेरियाल (त्या पंचांगातला मे-जूनमधला महिना), वर्ष 8. बेरीज 1799 येते, खरी तारीख 14 जून 1800. त्यामुळे महिना आधी बघा, वर्ष नंतर.

हुद्द्यांचंही तसंच. 1814 नंतर राजेशाही परतली आणि ब्रिगेडच्या जनरलला 'मारेशाल द कां' म्हणू लागले. ते वाचून त्याला मार्शल करून टाकू नका! नेपोलियनने केलेले मार्शल सगळे मिळून 26च.

रणांगणावर दिलेली बढती बहुधा तात्पुरती असे, मंजुरी मागाहून येई. एकाच हुद्द्यापुढे दोन तारखा दिसल्या तर दोन्ही टिपून ठेवा.