पोस्टमॉर्टेम कोण करू शकतंय, घरच्यांनी काय विचारायचं

घरात कोण अचानक गेलं, ॲक्सिडेंट असू दे नाहीतर फास असू दे, आपलं डोकं चालत नाही आणि पुढं येईल त्या कागदावर आपण सही करून मोकळं होतोय. चुलत भावाच्या वेळी आमचं तसंच झालं. पंचनामा सगळा कन्नडात, काकांनी न वाचता सही केली, घरी येऊन वाचून घेतला तर बापाचं नावच चुकलेलं, आणि ते दुरुस्त करायला महिनाभर हेलपाटे. म्हणून खानापूर, निपाणी, बेळगाव कुठलेही असा, एवढं माहीत करून ठेवा.

आपल्याकडं पिक्चरातल्यासारखा कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणारा वेगळा अधिकारी, नसतोय, मुंबईत होता तोही १९९९ ला बंद झाला. चौकशी पोलीस करतात आणि बॉडी तपासतो डॉक्टर. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम १९४ प्रमाणं बॉडी जवळच्या सिव्हिल सर्जनकडं किंवा राज्य सरकारनं या कामासाठी नेमलेल्या पात्र डॉक्टरकडं पाठवायची. यात 'नेमलेल्या' हा शब्द धरून ठेवा. आपला फॅमिली डॉक्टर कितीही चांगला असू दे, खाजगीत कितीही मोठं नाव असू दे, सरकारची नेमणूक नसली तर तो हे काम करू शकत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर फॉरेन्सिकचा एमडी असायलाच पाहिजे असं नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला एमबीबीएस झालेला, रजिस्ट्रेशन असलेला मेडिकल ऑफिसर पण करतोय. पण केस गुंतागुंतीची वाटली, विषाचा संशय असला, तर बेळगावच्या सिव्हिलला, म्हणजे बिम्सला पाठवा म्हणून पोलिसांना तिथंच लेखी अर्ज द्या, तोंडी सांगितलेलं नंतर कोण मान्य करत नाही. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरची सही, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर बघा.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत पोरगी गेली तर माहेरच्यांनी गप्प बसू नका, नातेवाईकानं मागणी केली तरी पोस्टमॉर्टेमला पाठवावं लागतंय, आणि अशा केसमध्ये चौकशीला मॅजिस्ट्रेट येतात, तालुक्यात म्हणजे बहुतेक तहसीलदार.

सूर्य मावळल्यावर करत नाहीत असं अजून सांगतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं सोय असेल तिथं रात्री पण करायला परवानगी दिली, व्हिडिओ काढून. पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, घातपाताचा संशय, यात सहसा सकाळच.

आणि पंचनामा कन्नडात असला तर सही करायच्या आधी मराठीत वाचून सांगा म्हणा, घाई करायला लावली तरी. नाव, वय, बापाचं नाव, अंगावरच्या खुणा एकेक करून बोट ठेवून तपासा.